मोरचूद, चुना आणि व्हॅनिला : एका वेलीच्या रोगांचा इतिहास

१८८२ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील प्रसंग आहे. फ्रान्समधील बोर्दोजवळच्या मेदोक भागात पिएर-मारी-अलेक्सिस मिलार्दे हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक द्राक्षमळ्यांतून हिंडत होते. अमेरिकेतून येऊन पोहोचलेल्या केवडा रोगाने त्या हंगामात वेली निष्पर्ण झाल्या होत्या. सेंट-जुलियनजवळ मात्र रस्त्याकडेच्या काही वेलींवर पाने टिकून होती आणि त्या पानांवर निळसर थर दिसत होता. चौकशी केल्यावर कळले, की येणारे-जाणारे द्राक्षे तोडून नेतात म्हणून रस्त्यालगतच्या ओळींवर मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण शिंपडण्याची तेथे रीत होती. निळी, विषारी दिसणारी द्राक्षे चोर तोडत नाही, एवढाच त्यामागचा विचार. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ युलिस गेयॉन यांच्या साहाय्याने या मिश्रणावर प्रयोग केले आणि १८८५ साली त्याची कृती प्रसिद्ध केली. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला आजही ठाऊक असलेले बोर्डो मिश्रण ते हेच.

चोराला भिववण्यासाठी शिंपडलेले हे मिश्रण पुढे सुपारी, रबर, मिरी असा प्रवास करत केरळ-कर्नाटकातील व्हॅनिलाच्या मळ्यांत पोहोचले. तेथे त्याची गाठ पुन्हा चोराशीच पडली, हा भाग मी पुढे सांगणार आहे. व्हॅनिलाच्या बुरशीजन्य रोगांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा माझ्यासारख्या भौतिकशास्त्राच्या माणसाला वाटले होते, की ही रोगांच्या नावांची आणि औषधांच्या मात्रांची यादी असेल. प्रत्यक्षात तो वेलीच्या स्थलांतराचा, पाण्याच्या पातळ थराचा आणि बाजारभावाचा एकत्रित इतिहास निघाला.

व्हॅनिला ही ऑर्किड कुळातील वेल. तिचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील दमट अरण्ये. मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरील पापांत्ला परिसरातील तोतोनाक लोक तिच्या शेंगा जोपासत आणि मुरवत. अ‍ॅझ्टेक दरबारात ती कोकोच्या पेयात घातली जाई. स्पॅनिश विजेत्यांबरोबर सोळाव्या शतकात शेंगा युरोपात गेल्या. वेल मात्र पुष्कळ उशिरा गेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधील एका काचगृहात व्हॅनिलाला फुले आली, तेथून तिची कलमे अँटवर्प आणि पॅरिसच्या वनस्पती-उद्यानांत गेली आणि पॅरिसहून १८२२ साली हिंदी महासागरातील बूरबाँ, म्हणजे आजच्या रेयुनियाँ बेटावर पोहोचली.

बेटावर वेल जोमाने वाढली, फुलली. पण शेंग धरेना. व्हॅनिलाच्या फुलात परागकोश आणि कुक्षी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. मूळ प्रदेशात परागण करणाऱ्या मधमाश्या रेयुनियाँत नव्हत्या. १८३६ साली बेल्जियममधील लिएज येथे शार्ल मोरां यांनी हाताने परागण करून दाखवले होते, पण ती रीत मळ्यात चालण्याजोगी नव्हती. १८४१ साली रेयुनियाँतील एदमाँ अल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने तो पडदा उचलून अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबण्याची सोपी युक्ती शोधून काढली. आज जगभर व्हॅनिलाची जवळजवळ प्रत्येक शेंग याच कृतीने धरते. १८४८ साली बेटावरील गुलामगिरी संपली. पण ज्याच्या बोटांवर एक जागतिक व्यापार उभा राहिला, तो अल्बियुस १८८० साली दारिद्र्यात मरण पावला.

रोगांच्या इतिहासासाठी या कथेतील एक बाब मोलाची आहे. व्हॅनिलाची लागवड बीपासून होत नाही; वेलीचा तुकडा तोडून लावला जातो. काचगृहातून उद्यानात, उद्यानातून बेटावर, बेटावरून मादागास्करला, असे मोजक्या वेलींचे तुकडे जगभर गेले. जनुकीय अभ्यासांनी पुढे दाखवून दिले, की मेक्सिकोबाहेरची बहुतेक लागवडीखालील व्हॅनिला ही जवळजवळ एकाच वेलीची प्रतिकृती आहे. एका वेलीला जो रोग मारतो, तो सर्वांना मारू शकतो. केळीच्या ‘ग्रो मिशेल’ जातीवर पनामा रोगाने विसाव्या शतकात जी पाळी आणली, तिचे बीज व्हॅनिलात आधीपासूनच पेरलेले होते. योगायोग असा, की दोन्ही ठिकाणी शत्रू एकाच कुळातला निघाला : फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम.

व्हॅनिलाच्या मूळकुजीचा शास्त्रीय अभ्यास प्रथम कॅरिबियनमधील पोर्तो रिको बेटावर झाला. सी. एम. टकर यांनी १९२७ साली त्यावर सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि कारण म्हणून फ्युजेरियम वंशाच्या बुरशीकडे बोट दाखवले. या रोगाची लक्षणे पाहणाऱ्याला चटका लावतात. जमिनीतील मुळे तपकिरी होऊन कुजतात. वेल वरच्या पेरांतून नवी हवाई मुळे सोडते. ती खाली उतरतात, आच्छादनात शिरतात आणि मातीला टेकताच तीही कुजतात. खोड सुरकुतते, पाने लोंबतात. महिनोन्‌महिने वेल स्वतःच्या साठ्यावर तग धरते, एखादे वेळी भरभरून फुलतेही, आणि मग सुकून जाते.

केळीत किंवा तुरीत फ्युजेरियम पाणी वाहणाऱ्या नलिकांत शिरून झाड वाळवतो. त्याला आपण मर रोग म्हणतो. व्हॅनिलात तो मुख्यतः मुळाच्या बाहेरच्या उतीत, म्हणजे सालीकडच्या भागात पसरतो आणि ती कुजवतो. म्हणून अलीकडच्या संशोधकांनी या रूपाच्या नावातही ‘मूळ’ या अर्थाचा लॅटिन शब्द जोडला आहे. ही बुरशी जाड भिंतीचे विश्रामी बीजाणू बनवते आणि ते मातीत वर्षानुवर्षे पडून राहतात. एकदा जमीन बाधित झाली की फवाऱ्याने ती निर्मळ होत नाही. शिवाय रोगट कलमाच्या पेरात बुरशी बाहेरून न दिसता प्रवास करू शकते. कलम स्वस्तात मिळाले म्हणून आनंदाने घरी आणलेला तुकडा पुढच्या दहा वर्षांची जमीन नासवू शकतो.

पोर्तो रिकोत या रोगाने लागवडीला मोठा हादरा दिला. तेथील संशोधकांनी मग औषधाऐवजी रक्ताची नाती शोधायला सुरुवात केली. व्हॅनिला पोम्पोना, व्हॅनिला फायेआन्था या भाऊबंद प्रजातींची मुळे सहसा कुजत नाहीत असे दिसले होते. १९५७ साली मूळकुजीला प्रतिकार करणाऱ्या संकराची तेथून नोंद झाली. मादागास्करमध्येही पोम्पोनाचे रक्त मिसळून ‘त्सी ताइत्र’ नावाचा संकर तयार करण्यात आला. पण शेतकऱ्याच्या मळ्यात जुनीच वेल राहिली, कारण बाजार ज्या सुगंधाला पैसे मोजतो तो व्हॅनिला प्लानिफोलियाचा. सुगंध आणि प्रतिकारशक्ती एकाच वेलीत आणण्याचा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

ही झाली वेलीबरोबर हिंडणाऱ्या रोगाची कथा. भारतात व्हॅनिलाला दुसऱ्या प्रकारचा शत्रू भेटला. तो आधीपासून येथेच राहत होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूर संस्थानातील मलनाड भागात सुपारीच्या बागा पावसाळ्यात ओस पडत. कोवळी फळे पाणचट, हिरवट-काळी होऊन गळत, घडांवर पांढरी बुरशी चढे. कानडीत ‘कोळे’ म्हणजे कूज, म्हणून कोळेरोग. कोकणातील सुपारी बागायतदारालाही हा रोग याच नावाने परिचित आहे. संस्थानच्या सेवेत आलेले कॅनडाचे शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी या रोगाचा अभ्यास करून १९१० साली अहवाल प्रसिद्ध केला. रोगकारक फायटॉफ्थोरा वंशाचा आहे हे त्यांनी दाखवले आणि पावसाळ्यापूर्वी घडांवर बोर्डो मिश्रण, तेही पावसात धुऊन जाऊ नये म्हणून राळेच्या साबणासारखा चिकट पदार्थ मिसळून, फवारावे असा उपाय सांगितला. त्याआधीही शेतकरी स्वस्थ बसलेले नव्हते. पावसाळा तोंडावर आला की घडांवर टोप्या बांधून ते झाकण्याची जुनी रीत तेथे होती. रोगाचे नाव ठाऊक नसताना त्याचे मर्म त्यांनी ओळखले होते : घडावर पाणी टिकू द्यायचे नाही.

१९१८ साली विल्यम मॅक्रे यांनी दक्षिण भारतातील रबराच्या झाडांवरून याच वंशातील एका नव्या प्रजातीचे वर्णन केले : फायटॉफ्थोरा मेडिआय. पुढील दशकांत हीच प्रजाती सुपारीच्या कोळेरोगात आढळली. वेलदोड्याच्या ज्या कुजीला मलयाळीत ‘अळुकल’ म्हणतात, तिच्यातही आढळली. पश्चिम घाटाच्या उतारावरील मसाल्यांच्या बागेत ती कायमची बिऱ्हाडकरू होती.

१९९० नंतरच्या दशकात मसाले मंडळाच्या प्रोत्साहनाने केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत व्हॅनिलाची लागवड वाढू लागली. वेलीला आधार हवा, अर्धी सावली हवी, दमटपणा हवा. हे सारे सुपारी, नारळ आणि कॉफीच्या बागांत तयारच होते. आंतरपीक म्हणून वेल तेथे चढवली गेली. म्हणजे ती थेट फायटॉफ्थोराच्या घरात राहायला गेली. २००० साली भारतीय संशोधकांनी व्हॅनिलावरील फायटॉफ्थोरा कुजीची, आपल्या देशातील नवा रोग म्हणून, नोंद केली. कारक होता तोच मेडिआय. रबरावर त्याचे नामकरण होऊन तेव्हा ८२ वर्षे झाली होती. रोग नवा होता तो फक्त व्हॅनिलाला.

येथे मला माझ्या विषयाकडे वळावेसे वाटते, कारण या रोगाचे यश बव्हंशी पाण्याच्या भौतिकीत आहे. दक्षिण भारतात व्हॅनिला साधारण उन्हाळ्याच्या तोंडावर फुलते आणि शेंग पक्व व्हायला नऊ महिन्यांच्या आसपास लागतात. याचा अर्थ, नैऋत्य मोसमी पावसाचे चारही महिने कोवळ्या-मध्यम शेंगा वेलीवर लोंबत असतात. एका घोसात शेंगा एकमेकींना खेटून असल्या की त्यांच्यामधील अरुंद फटीत केशाकर्षणाने पाणी धरून राहते. उघड्या पृष्ठभागावरचा थेंब वाऱ्याने तासाभरात सुकेल. फटीतले पाणी दिवसभर सुकत नाही, कारण त्याचा हवेशी संपर्क फारच थोडा.

त्या पाण्यात फायटॉफ्थोराचे चलबीजाणू पोहतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा हा जीव, दोन कशाभिका हलवत सेकंदाला सुमारे १०० ते २०० मायक्रॉन जातो. सरळ रेषेत गेला तर एक सेंटिमीटर अंतर एक ते दीड मिनिटात कापेल. त्याच्या आकारमानाला पाणी मधासारखे घट्ट भासते. कशाभिका थांबल्या की तोही जागच्या जागी थांबतो. तरीही एका घोसातील सर्व शेंगांना गाठायला त्याला एक पावसाळी सकाळ पुरते. मात्र पाण्याचा थर नसेल तर त्याला पोहता येत नाही. दाट सावली विरळ करणे, घोसात शेंगा कमी ठेवणे, वेलींच्या गुंडाळ्या मोकळ्या ठेवून वारा खेळता ठेवणे, हे सल्ले कृषिपुस्तिकेत किरकोळ वाटतात. वस्तुतः ते रोगाचा मार्गच आटवतात.

आणखी एक गोष्ट. फायटॉफ्थोराला आपण व्यवहारात बुरशी म्हणतो, पण जीवशास्त्रीय वंशावळीत तो खऱ्या बुरशींत मोडत नाही. त्याची पेशीभित्ती प्रामुख्याने कायटिनची नसून सेल्युलोज आणि तत्सम शर्करा-साखळ्यांची असते. त्याचे जवळचे नातलग तपकिरी शैवाल आणि डायटम. ही वर्गीकरणाची बारीक तक्रार नव्हे, यावर पैसा अवलंबून आहे. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक खऱ्या बुरशींच्या पेशीतील ट्युब्युलिन प्रथिनाला चिकटून पेशीविभाजन थांबवते. फायटॉफ्थोरावर ते चालत नाही. उलट मेटॅलॅक्सिल फायटॉफ्थोराच्या आरएनए-निर्मितीवर घाव घालते. फ्युजेरियमला त्याचे सोयरसुतक नाही. मळ्यात दोन्ही कुजी वरवर सारख्या दिसतात. निदान न करता दुकानातून आणलेली बाटली चुकीच्या शत्रूवर रिती होते, आणि शेतकरी म्हणतो औषध बनावट होते. कार्बेन्डाझिमची युरोपीय संघातील मान्यता २०१४ साली संपली. निर्यातीच्या पिकावर ते वापरताना अवशेषांचा प्रश्नही उभा राहतो.

तांब्याचे बोर्डो मिश्रण या भेदाच्या वर आहे. तांब्याचे आयन पेशीतील अनेक प्रथिनांना एकाच वेळी निकामी करतात, त्यामुळे खरी बुरशी काय किंवा फायटॉफ्थोरा काय, दोघांच्याही अंकुरत्या बीजाणूंना ते जड जाते. पण त्याचीही मर्यादा आहे : ते पृष्ठभागावर पहारा देते, आत शिरलेल्या रोगाला बरे करत नाही. म्हणून ते पावसापूर्वीच पोहोचले पाहिजे. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि १ किलो चुना ५० लिटर पाण्यात वेगवेगळा कालवतात. भांडे लोखंडाचे नको, प्लास्टिकचे किंवा लाकडी हवे. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ढवळत ओततात. तयार मिश्रणात चकचकीत लोखंडी पाते बुडवून पाहायचे. त्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, ते पाने भाजील. चुना आणखी हवा. हा थर म्हणजे लोखंडाने तांब्याला द्रावणातून बाहेर काढण्याची शाळेतील विद्युत-रासायनिक श्रेणी. प्रयोगशाळेबाहेर, बागेच्या बांधावर, शेतकरी ती शंभर वर्षे वापरत आला आहे. अर्थात तांबे मातीत साठत जाते आणि मातीतील उपकारक जीवांनाही जाचते. वर्षानुवर्षे हात सैल सोडून ते शिंपडणे हा मार्ग नव्हे.

आता बाजाराकडे येऊ. एप्रिल २००० मध्ये ‘हुदाह’ चक्रीवादळाने मादागास्करची व्हॅनिला लागवड उद्ध्वस्त केली. जगाचा बहुतांश पुरवठा तेथून होत असल्याने भाव चढत गेला आणि २००३-०४ च्या सुमारास मुरवलेल्या शेंगांचा भाव किलोला ५०० डॉलरच्या आसपास गेला. केरळ-कर्नाटकातील डोंगराळ भागात व्हॅनिलाचे वेड पसरले. रबर-कॉफी-मिरीच्या मंदीने पोळलेल्या कुटुंबांनी कर्ज काढून वेली लावल्या. कलमांना सोन्याचा भाव आला, आणि कलम जेथून मिळेल तेथून आणले गेले. निरोगी मातृवेल, प्रमाणित रोपवाटिका, विलगीकरण, हे सगळे शब्द अशा वेळी कोणाला सुचत नाहीत. फ्युजेरियमला प्रवासासाठी याहून चांगली गाडी मिळाली नसती.

दुसरी चूक फुलांवर झाली. एका घोसात पंधरा-वीस फुले येतात. त्यांपैकी आठ-दहाच फळवावीत असा शास्त्रीय सल्ला. पण प्रत्येक शेंग म्हणजे रोख रक्कम दिसत असताना फूल सोडून देणे कठीण असते. सगळीच फुले फळवली गेली की घोस दाट होतात, फटीत पाणी राहते, फायटॉफ्थोराचे फावते. शिवाय शेंगा पोसता पोसता वेल खंगते आणि खंगलेल्या वेलीच्या मुळांवर फ्युजेरियम सहज चढतो. कडक उन्हाळ्यात, तापमान ३२ अंशांच्या वर आणि हवेतील आर्द्रता ७० टक्क्यांखाली गेली की कोवळ्या शेंगा पिवळ्या पडून गळण्याचा विकारही दिसू लागला. त्यात कोलेटोट्रायकम आणि फ्युजेरियम यांची साथ असल्याचे आढळले. शेंगेच्या टोकाकडून पंख्यासारखी पांढरी जाळी पसरवणारा स्क्लेरोशियमही दाट, ओल्या बागांत हजर होता.

आणि तिसरा घाव चोरांचा. महागड्या शेंगा रात्रीतून नाहीशा होऊ लागल्या, तेव्हा लोक मळ्यात जागू लागले, कुत्री बांधू लागले; मादागास्करमध्ये तर शेंगेवर सुयांनी मालकाची खूण टोचण्याची रीतच आहे. यातून सुटण्याचा सोपा उपाय म्हणजे चोराआधी आपणच शेंग तोडणे. पण कच्च्या शेंगेत सुगंधाची पूर्वद्रव्ये पुरेशी साठलेली नसतात. शेंग गरम पाण्यात बुडवणे, घाम आणणे, उन्हात व मग सावलीत आठवडेच्या आठवडे सुकवणे, पेटीत मुरवणे, या साऱ्या दीर्घ प्रक्रियेत अपक्व शेंग नीट मुरत नाही आणि साठवणीत अ‍ॅस्परजिलस-पेनिसिलियमसारख्या बुरशी तिला धरतात. मळ्यातली बुरशी चुकवलेली शेंग पेटीतल्या बुरशीने जाते. मेदोकच्या शेतकऱ्याने चोराला भिववताना रोगाला अडवले होते; येथे चोराच्या भीतीने रोगाला दार उघडले गेले.

२००५ साली भाव किलोला ५० डॉलरच्या खाली कोसळला. खरेदीदार मोठ्या प्रमाणावर कृत्रिम व्हॅनिलिनकडे वळले होते. ते तर हारमान आणि टीमान यांनी १८७४ सालीच प्रयोगशाळेत तयार केले होते. मादागास्करचे पीकही सावरले होते. ज्या शेंगेसाठी रात्र जागवली, ती तोडण्याची मजुरी निघेना. बागा सोडून दिल्या गेल्या. रोगट वेली उपटायलाही कोणी गेले नाही. रोगनियंत्रणाच्या पुस्तिका शेतकऱ्याच्या हाती पडू लागल्या तोवर वाचणाऱ्याला त्यांची गरज उरली नव्हती.

मला या इतिहासातील सर्वांत विचार करायला लावणारी बाब ही वाटते. ज्ञान कमी नव्हते. कोझिकोडची भारतीय मसाले पिके संशोधन संस्था आणि मसाले मंडळाचे संशोधक यांनी रोग ओळखले, कारक वेगळे केले, उपाय तपासले. फ्युजेरियमसाठी सेंद्रिय आच्छादन, पाण्याचा निचरा, मुळांना न दुखावणे आणि मातीत ट्रायकोडर्मा व स्युडोमोनास यांचा वापर. फायटॉफ्थोरासाठी पावसापूर्वी सावली छाटणे, रोगट शेंगा-पाने गोळा करून जाळणे आणि बोर्डो फवारा. कोलेटोट्रायकमच्या शेंगगळीसाठी उन्हाळ्यात तुषार व मर्यादित परागण. हे सगळे उपाय सावकाश, शिस्तीने आणि रोग दिसण्याआधी करायचे आहेत. आणि भाव चढलेला असतो तेव्हा नेमकी सावकाशी परवडत नाही. भाव पडतो तेव्हा शिस्त परवडत नाही.

बुरशी या शब्दाला केवळ शत्रू समजणेही अपुरे आहे. ऑर्किडचे बी धुळीएवढे असते, त्यात अन्नाचा साठा जवळपास नसतो. ते रुजण्यासाठी बुरशीची सोबत लागते, हे फ्रान्सच्या नोएल बेर्नार यांनी १८९९ साली ओळखले. अमेरिकेतील लुईस नडसन यांनी १९२२ साली साखरेच्या माध्यमावर बुरशीविना बी रुजवून दाखवले, तेव्हाच ऑर्किडच्या आधुनिक संवर्धनाला वाट मिळाली. पोर्तो रिकोतील अलीकडच्या अभ्यासांत व्हॅनिलाच्या मुळांत सेराटोबॅसिडियम आणि ट्युलास्नेला या सोबती बुरशी सापडल्या, आणि सेराटोबॅसिडियमच्या सहवासात बी रुजण्यास व रोपे जगण्यास मदत होते असेही दिसले. ज्या बेटावर मुळे कुजवणारी बुरशी अभ्यासली गेली, तेथेच मुळे सांभाळणारी बुरशीही सापडावी, ही गोष्ट मला फार सूचक वाटते. ट्रायकोडर्मा स्वतःही बुरशीच आहे. म्हणून ट्रायकोडर्मा टाकलेल्या जमिनीवर लगेच बुरशीनाशक ओतणारा आपलेच सैन्य मारतो.

आणि शेवटी नातलगांचा प्रश्न. पश्चिम घाटाच्या अरण्यांत व्हॅनिलाच्या रानटी प्रजाती आहेत. व्हॅनिला वाइटियानासारखी, पाने जवळजवळ नसलेली, हिरव्या दोरीसारखी वेल त्यांतीलच. अंदमानात व्हॅनिला अंदमानिका आहे. कोझिकोडच्या संशोधकांनी या प्रजातींचे ऊतिसंवर्धनाने जतन करण्याचे आणि पानविरहित व्हॅनिला अफिलाशी लागवडीच्या वेलीचा संकर करून फ्युजेरियमला सोसण्याची शक्ती आणण्याचे प्रयत्न केले. २०२० साली व्हॅनिला प्लानिफोलियाचा गुणसूत्र-पातळीवरील जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यामुळे सुगंधाचे आणि प्रतिकाराचे जनुक शोधणे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे. मात्र शोधण्यासाठी ते जनुक रानात जिवंत असले पाहिजेत. सदाहरित अरण्याचा एखादा तुकडा रस्त्याखाली किंवा मळ्याखाली जातो, तेव्हा अशी एखादी बिनपानाची वेल त्याबरोबर नाहीशी होते आणि पंचनाम्यात तिचे नावही येत नाही.

विद्यार्थी मित्रांना एक सुचवावेसे वाटते. व्हॅनिलाचा भाव २०१७-१८ च्या सुमारास पुन्हा ५०० डॉलरच्या पुढे गेला होता आणि पुन्हा खाली आला. तो पुन्हा चढेल, तेव्हा डोंगरभागात पुन्हा कलमांचा शोध सुरू होईल. त्या वेळी रोगमुक्त मातृवेलींची यादी, स्वस्त आणि जलद निदानाची चाचणी आणि दोन-तीन वेगवेगळ्या जनुकीय पार्श्वभूमीच्या वेली तयार असल्या पाहिजेत. हे काम भाव पडलेला असतानाच करावे लागते. म्हणजे ज्या वर्षांत त्यासाठी निधी मिळणे सर्वांत कठीण असते, त्याच वर्षांत. वनस्पतिरोगशास्त्राकडे, जीवभौतिकीकडे किंवा जनुकशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या कोणाला या प्रश्नावर काम करावेसे वाटले, तर रानातील बिनपानाची वेल एकदा प्रत्यक्ष पाहून यावी. तिच्या मुळांशी कोणती बुरशी राहते, यापासून सुरुवात करता येईल.